मोर्चातून महापालिकेत

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका पार पडल्या. मुंबई पालिकेची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली होती. त्यानंतर जवळपास चार वर्षे तेथे प्रशासकाची राजवट होती. सभागृहे पुन्हा भरली, हे स्वागतार्हच. परंतु पाणी, कचरा, पदपथ यांसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या कार्यकर्त्याला तेथे पोहोचण्याची वाट उरली आहे काय, हा प्रश्न कायम आहे.

ही वाट एकेकाळी मळलेली होती. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून गोरेगावात काम उभे केले आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. उपनगरातील पाणीटंचाईचा लढा त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर एकाच वेळी लढवला. ‘पाणीवाली बाई’ हे बिरुद त्यातूनच लाभले. पुढे १९७२ मध्ये विधानसभा आणि १९७७ मध्ये लोकसभा त्यांनी गाठली खरी, पण पाया घातला गेला तो वस्तीतच. २००७ मध्ये जुहूच्या रहिवाशांनीही अडॉल्फ डिसूझा यांना नागरिकांचे उमेदवार म्हणून पालिकेत पाठवले.

या दोन्ही उदाहरणांत काम आधी आणि उमेदवारी नंतर, असा क्रम होता. त्याला आधार होता तो आटोपशीर प्रभागाचा. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे येथे मात्र चार सदस्यांचा प्रभाग आहे. मतदारसंख्या आणि प्रचाराचा खर्च त्या प्रमाणात फुगतो आणि पक्षाच्या पॅनेलपुढे एकट्या कार्यकर्त्याचा निभाव लागणे दुरापास्त होते. मोठ्या प्रभागामुळे नगरसेवकाची संकुचित दृष्टी बदलेल, असा युक्तिवाद केला जातो. तथापि चौघांची जबाबदारी ही अखेर कुणाचीच राहत नाही, हाही नागरिकांचा अनुभव आहे.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली. स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना तेथे स्थान देण्याची सोय राज्याच्या कायद्यातही आहे. पण त्यांची निवड नगरसेवकांनीच करायची असल्याने हे दारही पक्षांच्याच हाती राहते.

प्रभागरचना हा केवळ नकाशावरील रेघांचा प्रश्न नव्हे. नागरिकांच्या चळवळीतून नेतृत्व घडावे असे वाटत असेल, तर सर्वच शहरांत एकसदस्यीय प्रभागाचा आग्रह धरायला हवा.