पेशीतला काटकसरी कारभारी

घरातील शिल्लक घटली की जाणता कारभारी नवी खरेदी थांबवतो आणि साठवणीतले वापरायला काढतो. आपल्या पेशींमध्येही असा एक कारभारी आहे. ‘एएमपीके’ हे त्याचे नाव. ‘कायनेज’ कुळातले हे एक विकर, म्हणजेच एन्झाइम होय. एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेट उचलून ते दुसऱ्या रेणूवर बसवणे, हे या कुळाचे काम.

एटीपी खर्च होऊ लागले की पेशीत एएमपी वाढते. ही टंचाई ओळखून एएमपीके मेदाम्ले घडवणाऱ्या एका प्रमुख विकरावर फॉस्फेट बसवते. ते विकर मंदावते, नवी चरबी तयार होणे कमी होते आणि साठ्यातील मेदाम्लांना तंतुकणिकांत शिरून जळण्याची वाट मोकळी होते. कोलेस्टेरॉल घडवणाऱ्या विकरालाही हाच कारभारी आवर घालतो, असे स्कॉटलंडमधील डंडी येथे ग्रॅहम हार्डी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले.

वाचकहो, या कारभाऱ्याला जागे करण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्नायूंची हालचाल. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातील साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे संथ चालावे. चालणे शक्य नसल्यास खुर्चीत बसून पाय आळीपाळीने सरळ करावेत, किंवा आधार घेऊन काही वेळा उठावे-बसावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. मायेपोटी आपण वडीलधाऱ्यांच्या हाती पाण्याचा पेलाही आयता देतो आणि नकळत त्यांची उरलीसुरली हालचालही काढून घेतो. जे त्यांना सुरक्षितपणे करता येते, ते त्यांना करू द्यावे. आपण शेजारी उभे राहावे, एवढेच.

मात्र इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाने साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण दिसताच रुग्ण शुद्धीत असल्यास साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. मेटफॉर्मिननेही एएमपीके जागे होते, म्हणून तिची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये. ‘चरबी जाळणारी’ चूर्णे व गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यापेक्षा आज जेवण झाल्यावर अंगणात चार फेऱ्या माराव्यात.