नाव कोणाचे लागते?

इतिहास शिकवताना एक प्रश्न मी विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडते : हे काम कोणी केले आणि त्यावर नाव कोणाचे लागले? राजघराण्यांच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांना पटतो. विज्ञानात मात्र सारे गुणवत्तेवरच ठरते, असा आपला समज असतो. एकोणिसाव्या शतकातील जीवाश्मांच्या शोधांचा इतिहास वाचला की हा समज टिकत नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावी १७९९ मध्ये मेरी अ‍ॅनिंगचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत आणि समुद्रकाठच्या कड्यांतून निघणारे जीवाश्म पाहुण्यांना विकून संसाराला हातभार लावीत. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले. हे कुटुंब प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथाचे होते. मेरीच्या वाट्याला शिक्षण आले ते त्या पंथाच्या रविवारच्या शाळेपुरते.

१८११ मध्ये भाऊ जोसेफ याला एक प्रचंड कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. हाच प्राणी पुढे इक्थिओसॉर म्हणून ओळखला गेला. सुमारे तेवीस पौंडांना तो विकला गेला आणि लंडनच्या संग्रहालयात पोहोचला. १८१४ मध्ये त्यावर पहिला निबंध प्रसिद्ध झाला, त्यात अ‍ॅनिंग कुटुंबाचा उल्लेखही नव्हता. सांगाडा दगडातून मोकळा करण्याच्या कष्टाचे श्रेयही संग्रहालयाच्या नोकरवर्गाला दिले गेले.

१८२३ मध्ये मेरीला प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब होती की पॅरिसचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना तो बनावट असावा असा संशय आला. तो संशय खरा ठरता, तर मेरीची पत आणि पोट दोन्ही बुडाले असते. अखेर क्युव्हिए यांनीच आपली चूक मान्य केली. फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत कोनीबेअर यांनी तो सांगाडा विद्वानांपुढे मांडला. त्याच सभेत बकलंड यांनी मेगॅलोसॉरस हे नाव जाहीर केले. सांगाडा शोधणारीचे नाव मात्र कोनीबेअर यांच्या मांडणीत आले नाही.

हे विद्वान दुष्ट नव्हते. बकलंड यांनी खटपट करून मेरीला वार्षिक मानधन मिळवून दिले. दे ला बेश यांनी प्राचीन सागराचे चित्र काढून त्याच्या विक्रीचे पैसे तिला दिले. १८४७ मध्ये ती वारल्यावर सोसायटीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच तिला श्रद्धांजली वाहिली. परंतु त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९१९ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. दया आणि हक्क यांतले अंतर यापेक्षा स्पष्ट कसे दाखवावे? दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हक्क नियमात लिहावा लागतो.

प्राण्याला नाव देणे हे विद्वत्तेचे काम आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण कोसळत्या कड्याखाली उभे राहून हाडे ओळखणे हीसुद्धा विद्वत्ताच होती. मेरी शास्त्रीय निबंध हाताने उतरवून घेऊन अभ्यास करीत असे. तिला केवळ ‘जीवाश्म विकणारी’ म्हणणे हा अपुरा इतिहास आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक सूचना करते. देणगीदारांची व पदाधिकाऱ्यांची नावे आपण छापतो, ती छापलीच पाहिजेत. त्यांच्याबरोबर पहाटे चूल पेटवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, रात्री आजारी मुलांच्या उशाशी बसणाऱ्या माणसांची नावेही छापावीत. माजी विद्यार्थ्यांना ती अजून आठवत असतील. त्यांनी ती संपूर्ण नावानिशी शाळेकडे लिहून पाठवावीत. उशीर झाला तर ती सांगणारेही उरणार नाहीत.