किमान रक्कम भरून कर्ज फिटत नाही



शिस्त पाळली तर क्रेडिट कार्ड म्हणजे बिनव्याजी पैसा, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. थोडीही बाकी पुढे ओढली गेली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग महिन्याचा किराणासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजाने येतो.

अडचणीत ‘किमान रक्कम’ भरावी, हा त्यांचा सल्ला तर घातक आहे. समजा, बाकी ५०,००० रुपये आणि व्याज महिना साडेतीन टक्के. व्याज झाले १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. पाच टक्क्यांप्रमाणे २,५०० रुपये भरले, तर मुद्दल उतरते जेमतेम ४३५ रुपयांनी!

कायदा आवर घालेल, या भरवशावरही राहू नये. दिल्लीतल्याच राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांवरचे कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

गुरुग्राम-नोएडात नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींची मला खरोखर काळजी वाटते. घराची अनामत, रखडलेला पगार, गावाकडचे आजारपण, सगळा भार कार्डावर येतो. त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. बाकी अडकलीच असेल, तर कार्ड त्याच दिवशी बंद ठेवावे, घरी मोकळेपणाने सांगावे आणि कमी दराचे वैयक्तिक कर्ज काढून ती एकरकमी फेडावी.

– एक वाचक, मयूर विहार, दिल्ली