पुस्तिकेची दुरुस्ती
ताडोबाच्या नियतक्षेत्रात पहाटे गस्तीस निघणाऱ्या वनरक्षकाच्या हाती पूर्वी नोंदवही असे. आता तेथे भ्रमणध्वनी आला असून, २०१० साली व्याघ्रप्रकल्पांसाठी सुरू झालेल्या ‘एम-स्ट्राइप्स’ या प्रणालीत वनरक्षक पाऊलखुणांची, विष्ठेची आणि गस्तीच्या मार्गाची नोंद करतो. परंतु प्रणाली बदलली की तिची मार्गदर्शक पुस्तिकाही बदलावी लागते, आणि जो मजकूर संगणकतज्ज्ञ रचतो, अधिकारी तपासतो, भाषांतरकार मराठीत आणतो व वनरक्षक पाळतो, त्यात प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर परस्पर खाडाखोड केली, तर अखेरीस चार पुस्तिका उरतात आणि प्रमाण मानावी अशी एकही उरत नाही. यास्तव मूळ प्रत एकाच जबाबदार दप्तरदाराच्या ताब्यात असावी, प्रत्येक दुरुस्तीपुढे तारीख, कारण व सुचविणाऱ्याचे नाव नोंदलेले असावे, आणि नवी आवृत्ती पोहोचताच जुनी रद्द होऊन दप्तरी जमा व्हावी. दुरुस्तीविषयी मतभेद झाल्यास ते कसे मिटवावेत, हे शिकण्यास दूर जाण्याचे कारण नाही: २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने, अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह करून ग्रामसभेत बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत वर्षानुवर्षे जोपासली आहे. पुस्तिकेच्या मसुद्यावरही अखेरचा शेरा वनरक्षकाचाच घ्यावा. कारण जे वाक्य त्याला जंगलात उभ्याउभ्या कळत नाही, ते कचेरीत कितीही निर्दोष ठरले, तरी चुकीचेच होय.