सत्यवती ते आजी

पेडणे-डिचोलीच्या गावांत जत्रेच्या रात्री देवळासमोर मंडप घालून नाटक करण्याची रीत जुनी आहे. गावचे तरुण पुरुषपात्रे रंगवितात, आणि नायिकेच्या भूमिकेसाठी बहुधा बाहेरगावची अभिनेत्री मानधन देऊन आणली जाते. आज या गावी सिंधू झालेली नटी उद्या पलीकडच्या गावी रेवती होऊन उभी राहते. संगीत नाटकाचे असे वेड असलेल्या या मुलखात आशालता वाबगावकर हे नाव निघाले की, निदान आमच्या वडिलांच्या पिढीला तरी, मालिकेतील आजीच्या आधी 'मत्स्यगंधा'मधील सत्यवती आठवत असे.

आशालताबाईंचा जन्म १९४१ साली गोव्यात झाला. कर्मभूमी मात्र मुंबई. तेथे १९१९ पासून कार्यरत असलेल्या 'दि गोवा हिंदू असोसिएशन' या आपल्या लोकांच्या संस्थेच्या कला विभागाने त्यांना रंगमंच दिला. गोपीनाथ सावकारांनी त्यांना 'संशयकल्लोळ'मधील रेवतीच्या भूमिकेसाठी निवडले, आणि १९६४ मध्ये वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आले. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, पराशर म्हापशाचे रामदास कामत आणि सत्यवती आशालता. नौका वल्हविणाऱ्या त्या धीवरकन्येच्या ओठी अभिषेकींनी जी पदे दिली, ती तानबाजीपेक्षा भावावर उभी होती. जुन्या नाट्यसंगीतावर पोसलेल्या काही कानांना ती प्रथम हलकी वाटली असतील. परंतु तिरकोल आणि शापोरा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या, होडीवाचून ज्याचे एकेकाळी चालत नसे अशा पेडण्याच्या माणसाला सत्यवती परकी वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे बाईंनी आपल्या पुस्तकाला 'गर्द सभोवती' हे नाव दिले, तेही याच नाटकातील पदाची आठवण ठेवून.

हिंदी पडद्यावर त्या आल्या १९८० साली, बासु चटर्जींच्या 'अपने पराये'मधून. शरच्चंद्रांच्या कथेवरील या चित्रपटातील त्यांच्या कामाला फिल्मफेअरचे नामांकनही लाभले. मराठीत 'उंबरठा' (१९८२), 'नवरी मिळे नवऱ्याला' (१९८४) असे चित्रपट झाले. मात्र चित्रपटसृष्टीने या गायिका-अभिनेत्रीच्या गळ्याची फारशी विचारपूस केली नाही. १९८६ च्या 'अंकुश'मध्ये त्या आजी झाल्या, तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचेचाळीस! त्या वयाचा नायक त्याच सुमारास महाविद्यालयात शिकताना दाखविला जात असे, हा विनोद आपण प्रेक्षकांनीही निमूटपणे मान्य केला. त्याच चित्रपटातील प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाते. आमच्या शाळेतही म्हटली जाते. तिचा स्वर पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांचा.

त्यानंतरची वर्षे आई, सासू, मावशी अशा भूमिकांची, आणि उतारवयात दूरचित्रवाणी मालिकांची. २०२० मध्ये करोनाची साथ असताना महाराष्ट्र शासनाने पासष्ट वर्षांवरील कलावंतांना चित्रीकरणस्थळी मज्जाव केला. एका ज्येष्ठ कलावंताने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. इतर व्यवसायांतील वृद्धांना मुभा असताना नटाच्याच पोटावर पाय का, हा प्रश्न होता. आशालताबाई 'आई माझी काळूबाई' या मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्यात होत्या. तेथे अनेकांना लागण झाली, त्यांनाही झाली. २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. वय एकोणऐंशी.

तेव्हा पुष्कळ घरांतून 'या वयात कशाला जायचे?' असे उद्गार निघाले. मला ते पटले नाहीत. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. सरकारी नोकराला निवृत्तिवेतन असते, माझीही ती सोय आहे. नटाचे मानधन मात्र काम थांबले की थांबते. आणि केवळ पैशाचाच हा प्रश्न होता असेही नव्हे. तोंडाला रंग लावल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही, त्यांचे वय कोणी मोजायचे? त्यांना घरी बसविण्यापेक्षा, त्यांच्यासाठी चित्रीकरणाच्या जागी अधिक दक्षता घेणे हेच व्यवसायाचे काम होते.

'मत्स्यगंधा'च्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. मुलांना एकदा त्या ऐकवाव्यात, आणि मग मालिकेतील त्या आजीचा चेहरा दाखवून, हा गळा याच बाईंचा, असे सांगावे. बहुतेकांना प्रथम ते खरे वाटत नाही.