समाजशास्त्राला कर्ज काढायचं का? पेरणीसारखा हिशेब मांडू



जूनमध्ये बियाणं, खत आणि पोरांच्या ॲडमिशन एकदमच येतात. बियाण्याचा दर आपण चार दुकानांत विचारतो, एकरी उतारा धरतो, भाव धरतो. पदवीचं मात्र "शिकतंय ना पोरगं, मग काढू कर्ज" एवढ्यावर उरकतो. त्यात पोरीनं किंवा पोरानं समाजशास्त्र घ्यायचं म्हटलं की घरात वाद ठरलेला. एक जण म्हणतो यात पैसा नाही, दुसरा म्हणतो कलेक्टर होईल. हिशेब कोणीच करत नाही.

माझं मत आधीच सांगतो. समाजशास्त्र शिकू द्या, पण त्यासाठी मोठं कर्ज काढू नका. आणि जमिनीला तर हात लावूच नका.

तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बीएची फी वर्षाला काही हजारांत असते. घरून येऊन-जाऊन केलं तर कर्जाची गरजच नाही. खर्च फुगतो तो पुढं. खाजगी विद्यापीठातलं एमए, पुण्यातली खोली, मेस, स्पर्धा परीक्षेचा क्लास.

समजा एमएसाठी दोन वर्षांत 2-2 लाख असे 4 लाख काढले, व्याज 10 टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. तिसऱ्या वर्षाअखेर 4 लाखांचे 5 लाख होतात. ते 7 वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 8,300 रुपये. वर्षाचे झाले जवळजवळ 1 लाख. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये. म्हणजे वर्षाला जवळपास 19 क्विंटल. एकरी 8 क्विंटल उतारा धरला तर दोन एकरांपेक्षा जास्त रानाचं सगळं पीक हप्त्यात, तेही हमीभाव मिळाला तर. पेरणी, फवारणी, काढणीचा खर्च वेगळाच.

आता कमाई बघू. कॉलेजात कायम प्राध्यापक झालं तर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. मग हप्ता जड नाही. पण त्याला एमएला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50), वर नेट किंवा सेट, आणि मग जागा निघायला पाहिजे. तोवर तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढेच पैसे. एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात लागलं आणि सुरुवातीला 20 हजार धरले, तर हप्ता जाऊन 11,700 उरतात. त्यात शहरात खोली आणि मेस भागेल का? नाही भागलं तर घरूनच पैसे पाठवायचे. यूपीएससीला आणि आता राज्यसेवेलाही समाजशास्त्र वैकल्पिक विषय घेता येतो हे खरं. पण परीक्षा पास होईल असं धरून कर्ज काढणं म्हणजे पावसाच्या भरवशावर ऊस लावणं.

कर्ज लागलंच तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

1) 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घ्यायचं नाही, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्यामुळं एवढ्या कर्जाला जमीन गहाण टाकू नका. मात्र पालक सहकर्जदार असतो. हप्ता थकला की तुमचं सिबिल खराब होतं आणि उद्या बँकेत तुम्हीच अडता.

2) पीककर्ज फी किंवा खोलीभाड्याला वळवू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं व्याज 4 टक्क्यांवर येतं. थकलं की सवलत गेली, आणि पुढच्या पेरणीला हात मोकळा राहत नाही.

3) साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण व्याज सवलतीची केंद्राची योजना आहे, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. साध्या एमएला धरून चालू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के सवलत आहे, पण संस्था त्यांच्या यादीत पाहिजे. यादी ॲडमिशनच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग नाही.

आता विषयाला नावं ठेवणाऱ्यांसाठी. आपल्या कृषी पदवीधर मित्रांना विस्तार शिक्षणात नवं तंत्र शेतकऱ्यांत कसं पसरतं हे शिकवतात. त्याचा पाया समाजशास्त्रज्ञांनी घातलाय. रायन आणि ग्रॉस या दोघांनी अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं ते अभ्यासलं आणि 1943 मध्ये छापलं. बियाण्याची माहिती आधी विक्रेत्याकडून पोचली, पण पेरायचा निर्णय बऱ्याच जणांनी शेजाऱ्याचं बघून घेतला. आपल्याकडं ठिबक असो की बीबीएफ, दुसरं काय होतं? बचत गट, पाणलोट, पाणी वापर संस्था, शेतकरी कंपनी, सगळीकडं गाडं माणसांपाशीच अडतं. ते समजणारं पोर गावाला पाहिजेच आहे.

म्हणून शिकू द्या. फक्त बीए जवळच्या कॉलेजात, एमए शक्यतो सरकारी विद्यापीठात वसतिगृह धरून, आणि सोबत सर्वेक्षण, संगणकावर माहितीचं काम, चांगलं लिहिणं यातलं काहीतरी हाताला लागू द्या. परीक्षेची तयारी किती वर्षं करायची तो आकडाही आजच ठरवा. फॉर्म भरायच्या आधी एका संध्याकाळी पोराला समोर बसवून हा हिशेब वहीत लिहा. हप्त्याची रक्कम त्यालाच त्याच्या हातानं लिहू द्या.