घर विकताय? आधी सेप्टिक टँकचं ‘स्टेटस’ दाखवा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सेप्टिक टँक असलेलं घर विकायचं, तर टाकीची तपासणी सक्तीची आहे. नियमाचं नाव ‘टायटल ५’. रिपोर्ट विक्रीआधीच्या २ वर्षांतला लागतो. टाकी दरवर्षी उपसल्याची नोंद असेल तर ३ वर्षांपर्यंतचा चालतो. इन्स्पेक्टर गाळाची पातळी, गळती, विहिरीपासूनचं अंतर बघतो आणि रिपोर्ट स्थानिक आरोग्य मंडळाकडे जातो.

सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत सांगतो, हा ‘ट्रिगर’ आहे: विक्री झाली की चेक चालतो. पण गावाकडची कितीतरी घरं विकली जातच नाहीत, वारशाने पुढे जातात. तिथे हा ट्रिगर कधी चालणारच नाही.

साताऱ्याजवळच्या वाईने २०१८ पासून टायमर लावलाय. दर ३ वर्षांनी पाळी आली की गाडी येते, टाकी उपसते, ॲपवर नोंद होते. मला हे जास्त पटतं. कारण गच्च भरलेल्या टाकीतला गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो, मग मालक कोणीही असो. अशी नोंद सातबाऱ्यासारखी मोबाईलवर दिसली, तर खरेदीदाराचंही काम होईल.

तोवर रो-हाऊस बघायला गेलात तर तीन गोष्टी विचारा. टाकी कुठे आहे? शेवटची कधी उपसली? गाडीचा पाइप झाकणापर्यंत पोचतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाइप पोचला नाही की माणूस आत उतरवला जातो. संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि टाकीतला वायू काही मिनिटांत जीव घेतो.